जर्मनीचं गिऱ्हाईक

वीरधवलनं लॅपटॉपचं झाकण उघडलं, तसा अर्जुनानं उठून दाराला आतून कडी घातली. कडी बसली का ते ओढून बघितलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून सुलाबाई बचत गटाच्या बैठकीला खरोखर गेली, की वाटेत कुणाशी बोलत उभी राहिली, याचा अंदाज घेतला.

“आरं, बस की आता,” वीरधवल म्हणाला. “बाँब बनवतुया का आपण?”

“तुला काय जातंय बोलायला.”

वीरधवल मूळचा रहिमतपूरचा. फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होता. पेन्शनीत निघाल्यावर बायकोचं माहेर जवळ म्हणून त्यानं आटपाडीच्या माळावर डाळिंबाची बाग धरली आणि अर्जुनाचा बांधाला बांध लागून शेजारी झाला. एक मराठा, एक धनगर. एक हयातभर हुकूम ऐकलेला, दुसरा हयातभर मेंढरांवर हुकूम गाजवलेला. पण दोघांचं गूळपीठ असं जमलं होतं की गावात एकाला शोधायचं तर दुसऱ्याचं घर गाठावं.

लॅपटॉप अर्जुनाच्या मुलीचा, स्वप्नालीचा. इंजिनियरिंगला असताना घेतलेला. जाताना ती तो कपाटावर ठेवून गेली होती आणि आज बऱ्याच दिवसांनी त्याच्यावरची धूळ पुसली गेली होती.

“हे बघ. ह्याला टॉर म्हणत्यात. कांद्याचं चित्र हाय, ध्यानात ठेव. आन घ्यायचं ते ज्यांनी बनवलंय त्यांच्याच वेबसाइटवरनं. दुसरीकडनं उचललं तर मेंढरू म्हणून लांडगा घरात यायचा.”

“पैसं किती?”

“फुकट हाय.”

अर्जुनाच्या कपाळाला आठी पडली. मेंढरांच्या बाजारात केस पिकलेला माणूस तो. फुकट म्हटलं की आधी जनावराचे दात बघणार. “फुकट कोण देतं रं, गड्या?”

“जगभरातली माणसं आपापली मशिनं लावून ठेवत्यात, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. आपल्याकडं पाणपोई नसती का?”

हे मात्र अर्जुनाला पटलं. पाणपोईवर कुणी नाव-गाव विचारत नाही.

पडद्यावर हिरवी रेघ मुंगीच्या पावलानं पुढे सरकत होती. वीरधवलनं मांडी घातली आणि फौजेत नव्या पोरांना शिकवायचा त्या आवाजात सुरू केलं. “तुजं मागणं आधी एका मशिनीकडं जातंय. तिला तू ठावा, पर तुला जायाचंय कुठं ते न्हाई. ती दुसरीकडं देती, दुसरी तिसरीकडं. तिसरीला कुठं जायाचं ते ठाव, पर मागं कोण बसलाय ते तिच्या बापालाबी कळत न्हाई. ही तिसरी असती जर्मनीत, न्हाईतर आणि कुठं. मग पलीकडं काय दिसतंय? जर्मनीतनं कोणतरी आलंय.”

अर्जुनानं मान डोलवली. “मेंढरं घेऊन कोकणात उतरलो की घरचा निरोप असाच यायचा. ह्या कळपावरनं त्या कळपावर. मधल्याला पत्ता नसायचा कुणी कुणाला धाडलाय.”

“तेच. आता फकस्त दोन गोष्टी ऐक. एक, ही खिडकी मोठी करायची न्हाई. हाय तेवढीच ठेवायची. पडदा केवढा हाय यावरनंबी माणूस वळखत्यात.”

“आन दुसरी?”

“कुठं नाव लिहायचं न्हाई, नंबर द्यायचा न्हाई, चकार शब्द बोलायचा न्हाई. हे तुला लपवतंय. पर तूच तोंड उघडलंस तर कांद्यानं काय करायचं?”

“मी कशाला तोंड उघडतोय?” अर्जुना म्हणाला.

आता एवढा खटाटोप कशासाठी, तर पोटच्या पोरीचं वेबसाइटवरचं पान बघण्यासाठी.

स्वप्नाली त्याची एकुलती एक. कळप विकून त्यानं तिला सांगलीत शिकवली, हाडाची काडं केली. पुण्यात चांगली नोकरी लागली तेव्हा त्यानं गावभर पेढे वाटले. अन् एक दिवस ती नोकरी सोडून परत आली आणि म्हणाली, मला लोकरीचं काम करायचंय, घोंगड्या विणायच्यात. लोकर! जी हल्ली कुणी फुकटसुद्धा नेत नाही, कातरली की ओढ्यात टाकून द्यावी लागते, ती लोकर. ज्या वासातून पोरीला वर काढायला बापानं जन्म घालवला, त्याच वासात ती हौसेनं उडी मारायला निघाली होती. अर्जुनाचा तोल गेला. भरल्या सकाळी तो बिरोबाच्या देवळात गेला, चार माणसं उभी केली आणि देवापुढचा भंडारा मुठीत उचलून म्हणाला, “हिनं लोकरीत हात घातला तर मी हिचं तोंड बघणार न्हाई.”

पोर तिथंच उभी होती. बापाचीच अवलाद. तिनं पायात चपला सरकवल्या आणि सांगलीची एसटी धरली.

भंडारा उचलून घेतलेली शपथ मोडता येत नाही, पण सोडता येते. त्याची रीत आहे. ज्या चौघांसमोर घेतली त्याच चौघांना बोलवायचं, देवासमोर उभं राहून का सोडतो ते खरं खरं सांगायचं आणि भंडारा उधळायचा. झालं. पण त्या चौघांत बिरदेव आबा होते. वाडीतलं सगळ्यांत जुनं खोड. त्यांच्या मुलानं, धनाजीनं, पुण्यात दुसऱ्या जातीतली मुलगी केली आणि तिथंच हॉटेल टाकलं, तेव्हा आबांनीही असाच भंडारा उचलला होता. त्या दिवसापासून त्या घरात धनाजीचं नाव निघालेलं नव्हतं. असा माणूस अर्जुनाला काय म्हणाला असता? ‘दोन सालात इरघळलास व्हय रं?’ हे एक वाक्य ऐकायची अर्जुनाची तयारी नव्हती. पोरीवाचून घर खायला उठत होतं तरी नव्हती.

मग एकदा वीरधवलनं सहज आपल्या फोनवर तिची वेबसाइट दाखवली आणि अर्जुनाला चटक लागली. तो त्याच्या फोनवरून रोज सांजेला बघू लागला. आठवडाभर गेला नसेल, तर भाकरी थापता थापता सुलाबाई फोनवर लेकीशी बोलत होती आणि फोन मोठ्या आवाजावर होता.

“आई, आटपाडीतनं कोणतरी रोज आमची वेबसाइट बघतंय. मला इथं दिसतंय. तू बघतीस व्हय?”

“मी? मला हितं फोन उचलता येईना धड.”

ओट्यावर बसलेल्या अर्जुनाला चहाचा असा ठसका लागला की सुलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. दुसऱ्या दिवशी तो वीरधवलच्या बागेत जाऊन उभा राहिला. “हवालदार, आपण बघायचं पर आटपाडी दिसायची न्हाई, असं काय असतंय का रं तुज्या सिग्नलमधी?”

असं ते कांद्याचं चित्र घरात आलं.

हिरवी रेघ संपली, छोटीशी खिडकी उघडली. वीरधवलनं पत्ता टाकला. पान हळूहळू वरून खाली उमटू लागलं, आधी काळं, मग करडं. मागावर ताणलेलं सूत, आणि त्या सुतावर दोन हात. चेहरा नव्हता. डाव्या अंगठ्याखाली एक पांढरा व्रण होता. लहानपणी कातरणीच्या वेळी मेंढीनं झटका दिला आणि कात्री लागली, तो. तेव्हा अर्जुनानं जखमेवर भंडारा दाबून धरला होता आणि पोर रडायची थांबेपर्यंत हात सोडला नव्हता.

तोंड न बघण्याची शपथ होती, हातांची नव्हती. अर्जुना पडद्याला नाक लागेल इतका पुढे झुकून बघत राहिला. वीरधवल गुपचूप उठला आणि दाराची कडी काढून बाहेर जाऊन बसला.

त्यानंतर रोज सांजेला, सुलाबाई डेअरीला दूध घालायला गेली की, अर्जुना लॅपटॉप उघडायचा. एका बोटानं, पण चुकत नव्हता.

“आई!” एके दिवशी फोनमधून आवाज आला, तो चुलीपासून गोठ्यापर्यंत पोचला. “जर्मनीतनं कोणतरी बघतंय! रोज! काल जर्मनी, परवा रोमानिया, त्याच्या आधी स्वीडन!”

“आगं बाई! लांब हाय का गं ते?”

“लय लांब, आई. आन माहितीय का, घाईनं बघून जात न्हाईत. बसून बघत्यात.”

गोठ्यात अर्जुनानं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. पोरीच्या आवाजात इतका आनंद त्यानं किती दिवसांत ऐकला नव्हता. आणि तो आनंद त्यानंच दिला होता, चोरून.

सुलाबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी बचत गटात, तिसऱ्या दिवशी डेअरीवर, आणि आठवडी बाजारापर्यंत सगळ्या वाडीत झालं: अर्जुनाच्या स्वप्नालीची घोंगडी जर्मनीला निघाली. ज्या बायका ‘इंजनेर झाली आन लोकर पिंजाय बसली’ म्हणून पदराआड हसत होत्या, त्या सुलाबाईला बसायला पाट देऊ लागल्या. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली असताना अर्जुनाला ऐकावं लागलं.

“तिकडं थंडी लय असतीया म्हणं. जर्मनीचं सरकारच घेणार हाय.”

“मिल्ट्रीला. मी ऐकलंय मिल्ट्रीला.”

“आर्जुना, लेका, नशीब काढलंस! आन तू पोरीचं तोंड बघत न्हाईस!”

वस्तरा गळ्यावर होता म्हणून अर्जुना बोलला नाही. नाहीतर काय बोलला असता कुणास ठाऊक.

खरी पंचाईत पुढेच झाली. कोल्हापूरचा एक व्यापारी सांगलीला येऊन स्वप्नालीचा सगळा माल एकदम उचलायला तयार होता, आणि तिनं त्याला थांबवून ठेवलं. “जर्मनीचं काय ते कळू दे, मग बघू,” असं ती आईला म्हणाली. जर्मन भाषेत पान लिहायलाही बसली होती. पोर कुणाची वाट बघत होती? बापाची! चोरून बघणाऱ्या बापाच्या भरवशावर ती दारात आलेली लक्ष्मी परत पाठवत होती.

त्यानं लॅपटॉप कपाटावर टाकला. बघणंच बंद.

चार दिवस गेले, आणि फोनमधला आवाज बारीक झाला. “जर्मनी गेली गं, आई.”

“जाऊ दे तिकडं. कोल्हापूर काय वाईट हाय?”

“वाईट न्हाई गं. पर ते रोज बघायचं कोणतरी. बरं वाटायचं.”

त्या संध्याकाळी अर्जुना डेअरीची वेळ होईपर्यंत अंगणात येरझाऱ्या घालत होता. सुलाबाईनं दुधाची कासंडी उचलली आणि ती कोपऱ्यावरून वळली न वळली, तोच त्यानं कपाट गाठलं. शपथ तोंडाची होती, हे तर नुसतं उंबरा ओलांडणं होतं, पोरीचं मन मोडायचं नाही एवढंच, असं काहीबाही तो स्वतःला समजावत होता. माणसाला मनातून करायचंच असलं की कारणं काय, पैशाला पासरी मिळतात.

“आली गं आई!” दुसऱ्या दिवशी फोन किंचाळला. “जर्मनी आली!”

पानावर त्या आठवड्यात नवा फोटो आला. स्वप्नालीनं पहिली मोठी घोंगडी पुरी केली होती. काळीभोर, मेंढराच्या अंगच्याच रंगाची, कडेला पांढरी रेघ, चिंचोक्याच्या खळीनं ताठ झालेली. दोन माणसं आरामात झोपतील एवढी. ती जमिनीवर अंथरली होती आणि तिच्यावर शोभेला एक पितळी तांब्या ठेवला होता. अर्जुनाचा ऊर भरून आला. असलं विणकाम त्यानं आपल्या आज्याच्या अंगावर पाहिलं होतं, त्यानंतर नाही. तो एकेक कड बघत गेला, बघत गेला, आणि कोपऱ्यापाशी येऊन थबकला.

कोपरा कोरा होता.

नवी घोंगडी घरात आली की आधी तिच्या कोपऱ्याला भंडारा लागतो, मग तिच्यावर माणूस बसतं, नाहीतर वस्तू ठेवली जाते. हे कुणी शिकवावं लागत नाही. आणि इथं कोऱ्या घोंगडीवर तांब्या! पहिलं मोठं काम पोरीचं, आणि देवाची आठवण नाही? आई तिथं नाही, बाप तिथं नाही, कोण सांगणार तिला? तिला काही झालं म्हणजे? बाकी सगळं अर्जुनाच्या डोक्यातून पार पुसलं गेलं. खाली एक चौकोन होता, ‘आपला अभिप्राय लिहा.’ त्यानं एका बोटानं, अक्षर शोधून शोधून लिहिलं: भंडारा लावला का?

आणि पाठवून दिलं.

“काय?” वीरधवल बांधावरून उडालाच. “काय लिवलंस म्हणालास?”

“भंडारा लावला का म्हणून.”

वीरधवलनं कपाळाला हात लावला. “तीन देश मधी घातले तुज्यासाठी! तीन! आरं, कुठल्या जर्मनाला भंडारा ठाव असतोय रं, देवमाणसा?”

अर्जुना मटकन बांधावरच बसला. ते खरोखर तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सांजेला त्यानं भीत भीत खिडकी उघडली. तीच घोंगडी, पण फोटो नव्यानं काढलेला. तांब्या नव्हता. घोंगडीच्या कोपऱ्यावर तीन बोटांचा पिवळा पट्टा होता. आणि त्याच्या प्रश्नाखाली एकच शब्द: लावला.

त्या रात्रीच्या फोनमध्ये स्वप्नालीनं जर्मनीचं नाव काढलं नाही. इकडचं तिकडचं बोलली आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, “आण्णा जेवलं का?”

दोन वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं. सुलाबाईनं थापत्या भाकरीवरून मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. नवरा ताटातल्या आमटीत काहीतरी शोधत होता.

“जेवत्यात,” सुलाबाई म्हणाली. “आज बरं जेवत्यात.”

पुढे दोनच दिवसांनी बिरदेव आबा काठी टेकत दारात आले. बरोबर बाकीचे तिघे.

“आर्जुना, आमी इचार केला. पोरीनं वाडीचं नाव जर्मनीत नेलं. मोठी मोठी माणसं तिला मानाय लागली. तवा तुजी शपथ सुटायला आमची ना न्हाई. रविवारी देवळात ये.”

सुलाबाईच्या डोळ्यांना धार लागली. आणि अर्जुना? दोन वर्षं ज्या वाक्यासाठी तळमळत होता, ते आयतं दारात चालून आलं होतं, आणि त्याला पळून जावंसं वाटत होतं.

“सांग की गड्या, जर्मनीनं मानलं म्हणून सोडतो,” सांजेला बांधावर वीरधवल म्हणाला. “कोण बघाय जातंय?”

“देवाम्होरं?”

वीरधवलनं कानाला हात लावला. देवासमोर कारण खरंच सांगावं लागतं, हे त्यालाही आता ठाऊक होतं. खोटं सांगून शपथ सोडली तर ती सुटत नाही, उलट पोरीला बाधते. आणि खरं सांगितलं तर सगळी वाडी पोट धरून हसणार, वर सुलाबाईनं ताठ केलेली मान पुन्हा खाली जाणार.

रविवारी आभाळ भरलं होतं, वारा सुटला होता. देवळात आधीच माणूस मावत नव्हतं. जर्मनीवाल्या बापाची शपथ सुटताना बघायला शेजारच्या वाडीचीही माणसं आली होती. बायका मागच्या बाजूला बसल्या होत्या. त्यांच्यात कुणीतरी घोंगडीची खोळ डोक्यावरून पार गुडघ्यापर्यंत ओढून बसलं होतं, थंडी वाजत असावी. अर्जुनाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो देवाकडे बघत होता.

चौघे पुढे आले. अर्जुनानं परातीत हात घातला, मूठ भरून भंडारा उचलला.

“बोल,” बिरदेव आबा म्हणाले. “का सोडतोस?”

“आबा,” अर्जुना म्हणाला आणि थांबला. मग एका दमात बोलून मोकळा झाला. “जर्मनी-बिर्मनी कोण न्हाई. त्यो मी हाय.”

कुणालाच काही कळलं नाही.

“रोज सांजंला घरात दार लावून पोरीचं पान बघतुया मी. आटपाडी दिसू नये म्हणून हवालदाराकडनं मशिनीत एक कांदा बसवून घेतला. त्यानं मी जर्मनीत दिसतो. कवा रोमानियात दिसतो. हाय मी हितंच. आमच्या घरात.”

मग मागून एक बाई फिस्सकन हसली, आणि बांध फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. न्हावी खांबाला धरून हसत होता. “मिल्ट्रीला रं, मिल्ट्रीला!” कुणीतरी ओरडलं आणि पुन्हा हसण्याची लाट आली. अर्जुना मूठ मिटून उभा होता. दोन वर्षं तो याच हसण्याला भ्याला होता. आता ते आलं, अंगावरून गेलं, आणि त्याला कळलं की आपल्याला कुठं लागलेलं नाही.

फक्त बिरदेव आबा हसले नाहीत. त्यांनी काठी आपटली.

“म्हंजे जर्मनीनं मानलंच न्हाई पोरीला. मग शपथ कशापायी सोडायची?”

हसणं थांबलं. सुलाबाई उभी राहिली.

“जर्मनीनं न्हाई मानलं, आबा,” अर्जुना म्हणाला. त्याचा आवाज आता कळप हाकतानाचा होता, माळ ओलांडून जाणारा. “मी मानलं. रोज सांजंला मानलं. आपल्या आज्याच्या हातची घोंगडी पुन्ना कुणी इणंल असं वाटलं न्हवतं मला. माज्या पोरीनं इणली. ती जितली, मी हारलो, आन माज्या जन्मात मला हारून एवढं बरं कवा वाटलं न्हाई! म्हणून सोडतो!”

त्यानं मूठ उघडली आणि भंडारा वर उधळला.

“बिरोबाच्या नावानं!” वीरधवल फौजी घशानं ओरडला.

“चांगभलं!” सगळं देऊळ गरजलं. ढोलावर टिपरी पडली. पिवळ्या धुराळ्यात माणसं माणसांना दिसेनाशी झाली, आणि त्या धुराळ्यातून ती घोंगडीची खोळ उठून पुढे चालत आली, अंदाजानं, सुलाबाईचा हात धरून. अर्जुनाच्या समोर येऊन थांबली. काळीभोर घोंगडी, पांढरी रेघ. कोपऱ्यावर तीन बोटांचा पिवळा पट्टा.

अर्जुनानं आधी तो कोपरा बघितला. मग दोन्ही हातांनी खोळ मागे सारली.

स्वप्नाली डोळे मिटून उभी होती, लहानपणी लपाछपीत राहायची तशी. तिनं एक डोळा उघडला.

“सुटली का?”

“सुटली, पोरी. सुटली!”

“शपथ हुती म्हणून आईनं झाकून आणली मला,” ती म्हणाली. हसत होती आणि नाकही ओढत होती. “आण्णा, कोल्हापूरवाल्याला माल देऊन टाकला बरं का. भंडाऱ्याचं इचारलंत त्याच दिवशी. म्हटलं, जर्मनीचं कळलं, आता कशाला थांबायचं?”

अर्जुनानं तिचा डावा हात धरला, व्रणावर अंगठा ठेवला, आणि सगळ्या वाडीसमोर, चार माणसांसमोर, लहान पोरासारखा रडला. कुणाचीच त्याला पर्वा नव्हती.

दुपारी अर्जुनाच्या अंगणात पंगत बसली. ती मोठी घोंगडी ओट्यावर अंथरली होती आणि प्रत्येकजण तिच्यावर एकदा बसून जात होता. न्हावी दोनदा बसला. वीरधवल कौतुकानं आलेल्या-गेलेल्याला जर्मनी समजावून सांगत होता. स्वप्नाली आईच्या मांडीला मांडी लावून भाकरी खात होती आणि मायलेकींचं बोलणं काही संपत नव्हतं.

माणसं पांगली तरी बिरदेव आबा उठले नाहीत. अर्जुनानं त्यांना हात देऊन उठवलं, कोपऱ्यापर्यंत पोचवायला निघाला. आबा चार पावलं चालले. काठी टेकून उभे राहिले. मागं वळून बघितलं, ऐकायला कुणी नाही याची खात्री केली.

“आर्जुना.”

“काय, आबा?”

“त्यो कांदा.” आबा काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढत होते. “कुणाच्याबी घरात बसतो का रं?”

“बसतो की.”

आबांनी रेघ पुसली, पुन्हा ओढली. “हॉटेलवाल्यांचं बी पान असतं व्हय, त्या मशिनीवर?”

अर्जुनाचं तोंड उघडलं. सकाळी आपटलेल्या काठीची परतफेड करायची संधी आयती हातात आली होती. त्यानं आबांच्या पागोट्यावर पडलेला भंडारा हळूच झटकला.

“असतंय, आबा. उद्या सांजंला हवालदाराला घेऊन येतो,” तो म्हणाला. “फकस्त खिडकी मोठी करायची न्हाई.”